मेंढीकोट खेळणाऱ्या घरात डावपेचांचे नवे खेळ कसे रुजवावेत

तुमचा प्रश्न असा आहे : गणपतीत गुहागरकडच्या मूळ घरी सगळे चाकरमानी जमले, आरती आणि जेवण आटोपल्यावर रात्र मोकळी होती, म्हणून तुम्ही मुंबईहून नेलेला ‘कतान’, म्हणजे वस्त्या आणि रस्ते बांधण्याचा जर्मन पटाचा खेळ, मांडला. नियम सांगण्यातच अर्धा तास गेला, काका मध्येच उठून झोपायला गेले, दोघा चुलत भावांत चोर कुठे ठेवायचा यावरून वाजले आणि शेवटी सगळ्यांनी पत्तेच काढले. आता मे महिन्यात तीच मंडळी पुन्हा जमणार आहेत, तर कोणता खेळ न्यावा आणि तो कसा खेळवावा?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात घरगुती बैठकांपासून वाचनालयांच्या सुट्टीतल्या शिबिरांपर्यंत असे खेळ शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. तुमच्या प्रश्नातले मला सर्वांत उपयोगी वाटलेले वाक्य म्हणजे ‘शेवटी सगळ्यांनी पत्तेच काढले’ हे होय. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिले आहे. मी ते घराची ओळख म्हणून वाचते. ज्या घरात रात्री अकरा वाजता आपण होऊन पत्ते निघतात, त्या घराला डावपेचांचे वावडे नाही. त्या घराला फक्त अनोळखी वाटेने नेले गेले. खेळ निवडताना त्याची जगभरची कीर्ती बाजूला ठेवावी आणि आपले घर आधीपासून काय खेळते, काय जाणते, ते पाहून त्याला जोडून असणारा खेळ पुढे करावा, एवढेच माझे म्हणणे आहे आणि पुढचे सगळे त्याचाच तपशील आहे.

‘आपल्या माणसांना हे अवघड खेळ झेपत नाहीत’ असे बैठकीत कोणी ना कोणी म्हणतेच. तसे म्हणणाऱ्याला मी सावंतवाडीच्या गंजिफ्याची आठवण करून देते. दशावतारी गंजिफ्यात गोल, हाताने रंगवलेली 120 पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान व एक्का ते दश्शी अशी बारा पाने. त्यातल्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत उलटा क्रम, म्हणजे प्रधानाखालोखाल एक्का मोठा. दिवसा खेळायला बसले तर रामाचा रंग पहिला, रात्री बसले तर कृष्णाचा. हुकूम नाही, भिडू नाही, तिघांनी आपापले खेळायचे आणि गेलेली पाने लक्षात ठेवायची. हा खेळ ज्या मुलखात खेळला गेला, तिथल्या लोकांना लाकडी घरे आणि रंगीत ठोकळे अवघड जातील, हे मला पटत नाही. अवघड जाते ते अपरिचित गोष्टींचे एकदम अंगावर येणे.

म्हणून मेंढीकोट खेळणाऱ्या घरात मी पहिला खेळ ‘कतान’ मांडत नाही, ‘द क्रू’ मांडते. थॉमस झिंग यांचा हा खेळ 2019 मध्ये जर्मनीत आला. त्यात चार रंगांची एक ते नऊ अशी छत्तीस पाने आणि रॉकेटची चार पाने असतात. ज्या रंगाची उतारी झाली तोच रंग द्यायचा, नसेल तर काहीही टाकता येते आणि रॉकेट म्हणजे कायमचा हुकूम. एवढे सांगितले की मेंढीकोट येणाऱ्या माणसाला तीन चतुर्थांश खेळ आलाच. नवीन आहे ते असे की सगळे एकाच बाजूला असतात. डाव सुरू होण्यापूर्वी काही पानांच्या छोट्या प्रतिकृती उलगडून वाटून घेतल्या जातात आणि ‘हिरवी सत्ती ज्या हातात पडेल तो हात काकूंनीच केला पाहिजे’ अशा प्रकारचे काम प्रत्येकाच्या वाट्याला येते. आपल्या हातातल्या पानांबद्दल बोलायचे नाही. फक्त एकदाच, आपले एक पान समोर मांडून, ते त्या रंगातले आपल्याकडचे सर्वांत मोठे, सर्वांत लहान की एकुलते एक आहे, हे छोट्या चकतीच्या जागेवरून दाखवता येते. अशी चढत्या क्रमाने अवघड होत जाणारी पन्नास कामगिऱ्यांची वही खेळासोबत येते आणि पहिल्या चार-पाच तर पाच-पाच मिनिटांत उरकतात.

गंमत अशी, की या खेळाला 2020 मध्ये जर्मनीतला ‘केनरश्पील’ हा पुरस्कार मिळाला, जो थोड्या मुरलेल्या खेळाडूंसाठीच्या खेळांना दिला जातो. म्हणजे परीक्षकांच्या दृष्टीने तो नवख्यांच्या किंचित पलीकडचा. आपल्याकडे मात्र तो सर्वांत लवकर लागू पडतो, कारण उतारी, हुकूम आणि हात या गोष्टी आपल्या आजोबांनी पडवीत बसून शिकवलेल्या असतात. देवरुखजवळच्या एका घरात सत्तरीच्या पुढच्या एका आजोबांनी दुसऱ्याच कामगिरीत आपल्याकडचे रॉकेट दाबून ठेवले, समोरच्या नातीला हवा असलेला हात बिनबोभाट जाऊ दिला आणि मग तिच्याकडे न पाहता पुढची उतारी केली. नातीला तो बेत दोन पाने पुढे गेल्यावर उमगला. त्या आजोबांना नियम समजावण्यात कोणी अर्धा तास घालवला नव्हता. तुमचे काका झोपायला गेले, ते खेळाला कंटाळून गेले असतील असे मला वाटत नाही; त्यांना अर्धा तास ऐकत बसावे लागले म्हणून गेले.

घरात किंवा शेजारात मासळीच्या लिलावाची ओळख असलेली माणसे असतील, तर दुसरी एक वाट आहे. हर्णै बंदरावर पुळणीवर बसणारा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बोली लावणे शिकवावे लागत नाही. समोरच्याला किती हवे आहे ते त्याच्या चेहऱ्यावरून ताडणे आणि आपल्याला किती हवे आहे ते लपवणे, हे त्यांना येतेच. स्टेफान डोरा यांचा ‘फॉर सेल’ हा 1997 चा खेळ अशा मंडळींसमोर ठेवावा. पहिल्या भागात एक ते तीस क्रमांकांच्या घरांचा लिलाव होतो. जो बोलीतून बाहेर पडतो त्याला समोरच्या घरांतले सर्वांत हलके घर मिळते आणि लावलेल्या रकमेतली साधारण निम्मी परत मिळते; शेवटपर्यंत टिकणाऱ्याला उत्तम घर मिळते, पण पूर्ण रक्कम मोजावी लागते. दुसऱ्या भागात हीच घरे, सगळ्यांनी एकदम पान उघडून, शून्यापासून पंधरा हजारांपर्यंतच्या धनादेशांवर विकायची. सगळा खेळ वीस-पंचवीस मिनिटांत संपतो आणि तीनपासून सहा जण खेळू शकतात. माझ्या अनुभवात या खेळात घरातल्या बायका सरस ठरतात. बाजारातली घासाघीस रोज कोण करते हे पाहिले तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आता ‘कतान’कडे येऊ, कारण तो तुम्ही विकत घेऊन बसला आहात आणि तो वाईट खेळ मुळीच नाही. दातांच्या प्रयोगशाळेचा व्यवसाय असलेल्या क्लाउस टॉयबर यांनी तो रचला, 1995 मध्ये तो बाजारात आला आणि त्याच वर्षी त्याला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाचा जर्मन पुरस्कार मिळाला. त्याची अडचण अशी, की सर्वांत महत्त्वाचा निर्णय खेळ सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. पहिल्या दोन वस्त्या कुठे बसवायच्या हे ठरवताना नवख्याला काहीच कळत नसते आणि ती निवड चुकली तर पुढचा दीड तास तो नुसता फासे टाकत बसतो. म्हणून पहिल्या डावात पट आपल्या मनाने मांडू नये. नियमपुस्तकात नवख्यांसाठी तयार मांडणीचे चित्र दिलेले असते, त्यात वस्त्या आणि रस्तेही बसवून दाखवलेले असतात. तसेच्या तसे मांडावे आणि खेळायला लागावे.

दुसऱ्या डावापासून वस्त्या ज्याने त्याने बसवाव्यात, पण त्याआधी पटाच्या तुकड्यांवरच्या आकड्यांचा हिशेब, म्हणजे कोणता आकडा किती वेळा पडून शेजारच्या वस्तीला जिन्नस देईल, तो एकदा फाशांवर करून दाखवावा. दोन फाशांच्या 36 शक्यता असतात. त्यांतल्या सहांमध्ये बेरीज सात येते, प्रत्येकी पाचांमध्ये सहा किंवा आठ, आणि दोन किंवा बारा येण्याची शक्यता प्रत्येकी फक्त एक. पटावरच्या आकड्याखाली छापलेले ठिपके हेच सांगतात : सहा आणि आठ लाल रंगात, खाली पाच ठिपके; दोन आणि बाराखाली एकच. तीन तुकडे जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरचे ठिपके मोजायला सांगितले की शाळकरी मुलेही दहा-बारा ठिपक्यांच्या जागा आपण होऊन शोधू लागतात. त्याच वेळी हेही सांगावे, की सुरुवातीला वीट आणि लाकूड लागते ते रस्ते व वस्त्यांसाठी, तर शहर उभारायचे झाले की धान्य आणि खनिज लागते. ठिपके कितीही असले तरी एकाच जिनसाच्या भरवशावर राहिलेला माणूस अडतो.

नियम सांगण्याचा क्रमही बदलावा. आधी जिंकायचे कसे ते : दहा गुण ज्याचे आधी होतील तो जिंकला. मग एका पाळीत काय करायचे ते : फासे टाका, ज्याला जे मिळते ते घ्या, देवघेव करा, बांधा. बस. विकासाची पाने, सर्वांत लांब रस्ता, बंदरांवरचा बदल, हे सगळे ज्या क्षणी पटावर समोर येईल त्या क्षणी सांगावे. पहिल्या दोन फेऱ्या सगळ्यांनी आपली पाने उघडी ठेवून खेळाव्यात, म्हणजे ‘तुझ्याकडे दोन विटा आहेत, एक मला दे, मी तुला लोकर देतो’ अशी पहिली देवघेव शिकवणाऱ्याला स्वतः घडवून आणता येते. एकदा देवघेव सुरू झाली की कोकणी माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. मात्र देवघेव ज्याची पाळी असेल त्याच्याशीच होते, बाकीचे दोघे आपसांत करू शकत नाहीत, हे पहिल्यांदाच ठासून सांगावे, नाहीतर ओसरीचा बाजार होतो. पहिला डाव मी दहाऐवजी आठ गुणांवर संपवते. रात्री अकराला बसलेल्या माणसाला साडेबाराला उठता आले, तर तो उद्याही बसतो.

चुलत भावांच्या भांडणाचे सांगायचे तर, चोर हा या खेळाचा मुळातला भाग आहे, तो काढून टाकू नये. सात पडले की ज्याच्या हातात सातापेक्षा जास्त पाने असतील त्याने निम्मी टाकायची आणि फासे टाकणाऱ्याने चोर दुसऱ्या तुकड्यावर नेऊन तिथल्या एकाचे एक पान न पाहता ओढायचे. यामुळेच पाने साठवून बसणाऱ्यावर वचक राहतो. पण भावंडांत जुनी खुन्नस असते आणि ती चोराच्या निमित्ताने बाहेर येते. म्हणून ज्याचे फक्त दोनच गुण आहेत त्याच्या तुकड्यावर चोर न्यायचा नाही, असा नियम मुले असतील तेव्हा मी घालते. मागे पडलेल्यावरच पुन्हा घाव बसणे त्यामुळे थांबते आणि चोर आघाडीवरच्याकडे वळतो, जिथे त्याने असायला हवे. तरीही त्या दोघांना एका संघात बसवता आले तर ते सर्वांत उत्तम.

इंग्रजी वाचण्याचा कंटाळा किंवा संकोच असलेली वडीलधारी माणसे घरात असतील, तर ज्या खेळांच्या पानांवर मजकूरच नाही असे खेळ निवडावेत. त्यांत माझी पहिली पसंती मिखाएल कीसलिंग यांच्या ‘अझूल’ला आहे. 2017 चा हा खेळ पोर्तुगालमधल्या रंगीत फरशांच्या कल्पनेवर उभा आहे. मध्ये चकत्यांवर चार-चार फरशा मांडलेल्या असतात. आपल्या पाळीला एका चकतीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या फरशा उचलायच्या आणि उरलेल्या मधल्या जागेत सरकवायच्या, किंवा मधल्या जागेतल्या एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या. उचललेल्या फरशा आपल्या पाटीवरच्या एकाच ओळीत बसवायच्या. मावल्या नाहीत त्या खाली पडतात आणि गुण कापले जातात. पहिल्या पाळीला हे साधे वाटते. तिसऱ्या फेरीपर्यंत लक्षात येते की मधल्या जागेत साचत चाललेल्या पाच काळ्या फरशा कोणाच्या तरी गळ्यात पडणार आहेत, आणि मग त्या शेजारणीच्याच गळ्यात कशा पडतील याचे बेत सुरू होतात. आवाज न करता कुरघोडी करण्याची आवड असलेल्या माणसांना हा खेळ फार मानवतो.

‘कार्कासोन’ आणि ‘तिकीट टू राइड’ हेही जवळपास त्याच जातीचे, फक्त ‘तिकीट टू राइड’मध्ये शहरांची नावे तेवढी वाचावी लागतात. एकात पाळीला एक तुकडा जोडून नकाशा वाढवायचा, दुसऱ्यात एका रंगाची पाने जमवून रेल्वेमार्ग घ्यायचे. ‘तिकीट टू राइड’चा भारताचा नकाशा स्वतंत्र पुरवणी म्हणून मिळतो, पण त्यासाठी मूळ खेळातले डबे आणि पाने लागतात, हे लक्षात न घेता लोक नुसता नकाशा घेऊन येतात.

सगळ्यांनी मिळून खेळण्याच्या खेळांत ‘पँडेमिक’चे नाव तुम्ही ऐकले असेल. मॅट लीकॉक यांचा हा खेळ 2008 चा. चार रोगांच्या साथी जगभर पसरत असतात आणि खेळाडूंनी मिळून चारही रोगांवर औषध शोधायचे असते. पटावर मुंबई आहे, त्यामुळे आपल्याकडची मुले बाकी जग सोडून आधी मुंबईकडे धावतात. खेळ सुरेख आहे, पण एकत्र कुटुंबात त्याचा एक ठरलेला धोका आहे : घरातला एक हुशार माणूस सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळू लागतो आणि बाकीचे त्याचे हमाल होतात. तुमच्या घरी असा माणूस कोण आहे हे तुम्हाला आत्ताच आठवले असेल. त्याला थांबवण्याचा उपाय बोलून करू नये; त्याऐवजी पाने लपलेली राहतात असा खेळ काढावा. ‘द क्रू’मध्ये दुसऱ्याच्या हातात काय आहे ते दिसतच नाही, त्यामुळे तिथे हुकूम सोडायचा झाला तर पानाचाच सोडावा लागतो.

माणसे दहा-बारा असतील तर चौघांचा खेळ मांडून बाकीच्यांना पाहत बसवू नये. दोन बैठका लावाव्यात, किंवा ‘कोडनेम्स’ काढावा. व्लादा ख्वातिल यांचा हा 2015 चा खेळ दोन संघांचा असतो, प्रत्येक संघातला एक जण एक शब्द आणि एक आकडा सांगतो, आणि त्या सुगाव्यावरून पंचवीस शब्दांमधले आपले शब्द संघाने ओळखायचे. त्यातली इंग्रजी शब्दपाने बाजूला ठेवून मी मराठी चिठ्ठ्या वापरते. फक्त कोणते शब्द कोणाचे हे सांगणारी चौकोनी पाने मूळ खोक्यातली घेते. शब्द निवडताना दोन अर्थांचे निवडावेत, कारण खेळाची सगळी मजा तिथेच आहे : भरती, ओटी, माळ, पान, वार, कर. एका बैठकीत ‘नोकरी, दोन’ असा सुगावा आला. तो देणाऱ्याच्या मनात ‘मुंबई’ आणि ‘भरती’ होते. त्याच्या संघातल्या मच्छीमार काकांनी मुंबई बरोबर ओळखली, मग ‘कर’वर बोट ठेवले, कारण नोकरी म्हटली की कर आला, आणि ‘भरती’कडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. भरती म्हणजे समुद्राचीच, असे ते नंतरही ठामपणे म्हणत होते. ‘कर’ निघाला दुसऱ्या संघाचा आणि तिथेच डाव फिरला.

बैठकीच्या जागेबद्दल थोडेसे. वडीलधाऱ्यांचे गुडघे सतरंजीवर दीड तास साथ देत नाहीत, म्हणून जेवणाचे टेबल घ्यावे आणि पट त्यांच्या बाजूने सुलटा ठेवावा. पडवीत खाऱ्या वाऱ्याने पाने उडतात, तेव्हा माजघर बरे. मे महिन्यात एक वेगळीच काळजी घ्यावी लागते : गरे खाऊन आलेल्या माणसाला थेट पानांना हात लावू देऊ नये. फणसाचा चीक पानांना लागला की ती एकमेकांना कायमची चिकटतात, आणि चीक काढायला लोक खोबरेल तेल लावतात, तो हात तर आणखी वाईट. आधी तेल, मग साबण, मग पाने.

पावसाळ्यात खेळ गावच्या घरी ठेवणार असाल तर त्याची खरी परीक्षा तिथे आहे. दमट हवेने पाने वळतात, जाड पुठ्ठ्याचे पट फुगतात, खोक्याच्या आतल्या कोपऱ्यांत बुरशी धरते आणि कसर कागद खाते. पाने घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत घालून प्रत्येक पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकावी आणि पुड्या दर थोड्या दिवसांनी बदलाव्यात. पानांना प्लास्टिकची पाकिटे चढवायची असतील तर ती जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत चढवावीत. श्रावणात चढवली तर ओल आतच कोंडली जाते. खोकी बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नयेत, लोखंडी कपाटात वरच्या खणात ठेवावीत. पाऊस सरल्यावर सगळे एकदा उघडून सावलीत वारा द्यावा, उन्हात टाकू नये, कारण उन्हाने पट कायमचे वाकतात. ‘अझूल’च्या फरशांना यातले काही होत नाही, हेही तो घेण्याचे एक कारण आहे.

तेव्हा मे महिन्यासाठी ‘द क्रू’ आणि ‘अझूल’ हे दोन घ्यावेत. ‘फॉर सेल’ मिळाला तर तोही, कारण तो लहान आहे आणि पिशवीत मावतो. लोकप्रिय खेळांच्या नकली प्रती बाजारात पुष्कळ आहेत. पाने पातळ असतात, रंग फसवे असतात आणि आपल्या हवेत त्या एक पावसाळाही काढत नाहीत, म्हणून थोडे महाग पडले तरी मूळ प्रत घ्यावी. ‘कतान’ सोबत न्यावा, पण पहिल्या दोन रात्री बॅगेतून बाहेर काढू नये. तिसऱ्या रात्री मेंढीकोटाचा एक डाव झाल्यावर, तयार मांडणीने, आठ गुणांवर खेळावा आणि काकांना वस्त्या मांडायला मदतीला घ्यावे.